छोटी गाडी, मोजके सामान

सांगलीच्या गणपती पेठेत हळदीचा व्यापार करणाऱ्या एका जैन घराण्याची ही हकिगत. घराणे तीन पिढ्यांचे, पेठेत पत असलेले. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. कर्त्या गृहस्थांना सारी पेठ अण्णा म्हणते. वय एकोणसत्तर. दोन मुलगे. थोरला हिशेबनिसाचे शिक्षण घेऊन अकरा वर्षांपूर्वी टोरांटोला गेला आणि तिथेच स्थिरावला. धाकटा गादीवर बसतो. गेल्या उन्हाळ्यात अण्णा आणि आई प्रथमच थोरल्याकडे कॅनडाला गेले, तेव्हा अण्णांच्या पिशवीत औषधांच्या डबीखाली एक तपकिरी लखोटा होता.

लखोट्यात हक्कसोडपत्राचा मसुदा होता. धाकट्याला हळदीसाठी नवी वखार बांधायची होती आणि त्यासाठी बँकेचे कर्ज हवे होते. जागा वडिलोपार्जित, त्यामुळे थोरल्याच्या सहीवाचून गहाणखत होणार नाही, असे बँकेने स्पष्ट सांगितले होते. बँकेचे म्हणणे रास्तच होते. थोरल्याने आपला हिस्सा धाकट्याच्या लाभात सोडून दिला, की प्रश्न मिटत होता. पण तसे म्हणायचे कोणत्या तोंडाने, हे अण्णांना कळत नव्हते. अकरा वर्षांपूर्वी मुलगा निघाला, त्या दिवशी भरल्या घरात ते बोलून गेले होते, ‘‘जाणाऱ्याने मागे वळून हिशेब विचारू नये.’’ मुलाने तो शब्द पाळला होता. दर आठवड्याला फोन होत असे. तब्येत, पाऊस, हळदीचा भाव यांवर बोलणे होई. पेढीविषयी त्याने एकदाही विचारले नव्हते. ज्याला हिशेब विचारू नकोस असे बजावले, त्याच्याकडूनच हिशेब चुकता झाल्याची सही मागायची होती.

टोरांटोत दोन आठवडे गेले. जिनमंदिरात दर्शन झाले, मुलाच्या मित्रमंडळींकडे जेवणे झाली, नायगारा पाहून झाला. लखोटा पिशवीतच राहिला. मग मुलाने दहा दिवसांची रजा काढली आणि पूर्व कॅनडाचा प्रवास ठरवला : माँट्रियल, क्वेबेक, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड बेट आणि शेवटी अटलांटिकच्या काठावरचे हॅलिफॅक्स. जाऊन येऊन सुमारे चार हजार किलोमीटर. आईंची एकच अट होती, चातुर्मास लागण्याच्या आत परत यायचे. त्या चार महिन्यांत दूरचा प्रवास न करण्याचा त्यांचा नियम आहे. जूनचा तिसरा आठवडा निघण्यासाठी मुक्रर झाला.

गाडी पाहून मात्र अण्णांचा चेहरा उतरला. चार दारांची, मागे जेमतेम डिकी असलेली छोटी हॅचबॅक, तीही जुनी घेतलेली. सांगलीत धाकट्याकडे सात जणांची उंच गाडी आहे. ‘‘अकरा वर्षांत एवढीच गाडी?’’ ते आईंना हळूच म्हणाले. सूनबाईंनी ऐकले आणि हसून उत्तर दिले, ‘‘अण्णा, दोघांना पुरते. मोठी घेतली तर तिचा हप्ता आम्हाला चालवील.’’ चौघांना मिळून सामान किती घ्यायचे, हे गाडीनेच ठरवले. प्रत्येकी एक मऊ पिशवी. शिवाय इंडक्शनची शेगडी, लहान कुकर, मूगडाळ, तांदूळ, दशम्या, मेतकूट, लसूण न घातलेला भडंगाचा डबा आणि पाण्याचे गाळणे. आईंनी आणलेल्या सहा साड्यांपैकी चार घरीच राहिल्या. परिग्रह-परिमाणाचे व्रत प्रवचनात पुष्कळदा ऐकले होते. ते डिकीच्या झाकणाने पाळून घेतले.

पहिल्या दिवशी ४०१ क्रमांकाच्या महामार्गाने किंग्स्टनवरून माँट्रियल गाठले. दोन्ही बाजूंना अजस्र ट्रक आणि उंच पिकअप. त्यांच्यामधून ही गाडी बैलगाड्यांच्या तांड्यातून सायकल जावी तशी जात होती. क्वेबेक प्रांतात शिरताच पाट्या फ्रेंच झाल्या. थांब्याच्या लाल अष्टकोनी पाटीवरही ‘स्टॉप’ऐवजी ‘आरे’ असे लिहिलेले. बेळगाव सीमेवरच्या पाट्यांचे वाद आयुष्यभर ऐकलेल्या अण्णांना यात काही परके वाटले नाही.

क्वेबेक शहर १६०८ साली सॅम्युएल द शांप्लेन याने वसवले. तटबंदी अजून शाबूत आहे. १९८५ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथल्या बाजारात मेपलच्या पाकाच्या बाटल्यांची रास होती. जगातला बहुतांश मेपल पाक याच प्रांतात होतो. रंग मधासारखा, म्हणून आईंनी हात आखडता घेतला. सूनबाईंनी समजावले, की हा मध नव्हे. हिवाळा सरताना मेपलच्या खोडाला लहानसे छिद्र पाडून रस गोळा करतात आणि तो आटवतात. सुमारे चाळीस लिटर रसातून एक लिटर पाक निघतो. ‘‘म्हणजे उसाच्या काहिलीसारखेच,’’ आई म्हणाल्या. गूळ कसा होतो, हे सांगली-कोल्हापूरच्या माणसाला सांगावे लागत नाही. त्या दिवसापासून दशमीला मेपलची सोबत मिळाली.

जेवणाच्या वेळांची काळजी आईंना निघताना होती. प्रत्यक्षात ती उरली नाही. जूनअखेरीस त्या प्रदेशात सूर्य रात्री पावणेनऊ-नऊच्या सुमारास मावळतो. न्यू ब्रन्सविकच्या सीमेवर घड्याळ एक तास पुढे करावे लागले. मुलाने फोनमधली वेळ दाखवली, तेव्हा आई म्हणाल्या, ‘‘तुझे घड्याळ बदलले, सूर्य नाही बदलला. मी त्याच्याकडे पाहूनच जेवेन.’’ सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचण्याला आणखी एक कारण होते. त्या रस्त्यांवर ठिकठिकाणी मूस या सांबरासारख्या प्रचंड प्राण्याची चित्रे असलेल्या पाट्या लागतात. त्याचे पाय इतके लांब, की गाडीची धडक पायांना बसते आणि सारे धूड काचेवर कोसळते. लहान गाडीत तर माणूसही वाचणे कठीण. तो संधिप्रकाशात आणि रात्री रस्त्यावर येतो. दोन्ही जीव वाचावेत, म्हणून दिवसाउजेडी प्रवास संपवणे हाच मार्ग. चौविहाराचा नियम आणि रस्त्याचा नियम एकच निघाला.

न्यू ब्रन्सविकमध्ये सेंट जॉन नदीच्या काठाने जाताना फ्लॉरेन्सविल नावाचे गाव लागले. मुलाने गाडी मुद्दाम आत वळवली. व्यापारी माणसाला इथली गोष्ट आवडेल, असे त्याला वाटले. याच आडगावात १९५७ साली मॅक्केन बंधूंनी गोठवलेल्या बटाटा-फ्राइजचा कारखाना काढला. हॅरिसन आणि वॉलेस या दोघा भावांनी तो जगभर नेला. बटाट्याला समर्पित असे एक संग्रहालयही त्या गावात आहे. अण्णांना गंमत वाटली. कंदमूळ न खाणाऱ्यांनी कंदमुळाचे तीर्थ पाहिले, असे ते म्हणाले. मग त्यांनी सहज विचारले, ‘‘भावांचे शेवटपर्यंत जमले ना?’’

मुलगा क्षणभर थांबला. ‘‘नाही. पुढच्या पिढीत गादी कोणाकडे जावी, यावरून बिनसले. १९९४ मध्ये वॉलेसना कारभारातून दूर व्हावे लागले. त्यांनी नंतर दुसरी कंपनी घेतली.’’

गाडीत कोणी काही बोलले नाही. थोड्याच अंतरावर हार्टलँडचा लाकडी पूल आला. छप्पर असलेला जगातला सर्वांत लांब पूल तो. लांबी ३९१ मीटर, वाहतूक सुरू झाली १९०१ मध्ये आणि छप्पर चढले त्यानंतर वीसेक वर्षांनी. पावसा-बर्फापासून लाकडाचे रक्षण व्हावे, म्हणून अशा पुलांना छप्पर घालीत. वाट एकेरी, समोरून गाडी येत असली तर या टोकाला थांबावे लागते. समोरची गाडी बाहेर पडेपर्यंत मुलगा शांतपणे थांबला आणि अण्णा मांडीवरच्या पिशवीचा बंद उगाच घट्ट करीत राहिले.

पाचव्या दिवशी फंडीच्या उपसागरावरचे होपवेल रॉक्स पाहिले. जगातली सर्वांत उंच भरती या उपसागरात येते. काही ठिकाणी पाणी सोळा मीटरपर्यंत चढते. सकाळी ओहोटीच्या वेळी चौघे समुद्राच्या तळावर, लाल-तपकिरी खडकांच्या पायथ्याशी हिंडले. पायाखाली चिखल आणि शेवाळ होते, त्यात जीव असतील म्हणून आई दगडावर दगड पाहून पाऊल टाकीत होत्या. सहा तासांनी, जिथे उभे राहून छायाचित्रे काढली तिथेच लोक नावा वल्हवीत होते. ‘‘पेढीवर अशी भरती-ओहोटी पन्नास वर्षे पाहिली,’’ अण्णा म्हणाले. ‘‘पण तिथे वेळापत्रक लावलेले नसते.’’

पुढे कॉन्फेडरेशन पूल. मुख्य भूमीला प्रिन्स एडवर्ड बेटाशी जोडणारा हा पूल १२.९ किलोमीटर लांब असून ३१ मे १९९७ रोजी खुला झाला. हिवाळ्यात गोठणाऱ्या पाण्यावरचा जगातला सर्वांत लांब पूल म्हणून त्याची ख्याती. आई समुद्र पाहण्यासाठी सरसावून बसल्या; पण पुलाचे कठडे साधारण कमरेएवढे आणि गाडी बसकी. तेरा किलोमीटर भिंत तेवढी दिसली. उंच गाड्यांतले लोक मात्र समुद्र पाहत चालले होते. ‘‘एवढे नुकसान छोट्या गाडीचे,’’ मुलगा कबुलीच्या स्वरात म्हणाला. अण्णांनी प्रथमच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘पलीकडे पोहोचलो ना? समुद्र काठावरून पाहू.’’

बेटावर माती तांबडी, लोहाने रंगलेली. तिच्यात बटाट्याची शेते दूरवर पसरलेली आणि रस्त्याच्या कडेने ल्युपिनचे जांभळे-गुलाबी तुरे. शार्लटटाउन येथे सप्टेंबर १८६४ मध्ये वसाहतींच्या प्रतिनिधींची बैठक झाली आणि तीतून १८६७ साली कॅनडा देश उभा राहिला. बैठकीचे यजमानपद ज्या बेटाने केले, ते स्वतः मात्र तेव्हा सामील झाले नाही. ते आले १८७३ मध्ये. ‘‘घरची बैठक, घरचेच बाहेर,’’ आई म्हणाल्या. ‘‘पण आले ना शेवटी.’’

अण्णांच्या मनात दुसरेच काही घोळत होते. बेटावर येताना पुलावर कोणी पैसे मागितले नव्हते. परत जाताना बोटीने जायचे ठरले होते आणि बोटीच्या नाक्यावर पैसे भरावे लागले. त्यांनी विचारले, तेव्हा मुलाने सांगितले, ‘‘इथला नियमच तसा आहे, अण्णा. पुलाने जा किंवा बोटीने; येणाऱ्याकडून काही घेत नाहीत. जाणाऱ्याकडून घेतात.’’

वुड आयलंड्सहून कॅरिबूला बोट सव्वा तासात पोहोचते. गाडी तळमजल्यावर उभी करून चौघे वरच्या डेकवर बसले. किनारा मागे पडल्यावर अण्णांनी पिशवी उघडली, लखोटा काढला आणि एक शब्दही न बोलता मुलाच्या हातात दिला.

मुलाने मसुदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. हिशेबनीसच तो; पुन्हा मागे जाऊन एक कलम दुसऱ्यांदा वाचले. ‘‘अण्णा, यात दुकान आहे, वखारीची जागा आहे. आणि तिसऱ्या कलमात गावभागातले घरही आहे.’’

‘‘वकिलांनी सर्व स्थावर मिळकती असे लिहिले,’’ अण्णा म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, ‘‘मी वाचले होते. राहू दिले. एकदाच काय ते निकालात निघेल, असे वाटले.’’

‘‘दुकान आणि वखार यांवर मी आजच सही करतो. तिथे धाकटा राबतो, ते त्याचेच. घरावरचा हक्क मात्र मी सोडणार नाही. मला त्यातला पैसा नको. पण उद्या आम्ही आलो, तर त्या घरात पाहुणे म्हणून यायचे का?’’

समोर समुद्र होता. तो आता सर्वांना नीट दिसत होता आणि कोणी पाहत नव्हते. अण्णा म्हणाले, ‘‘जाणाऱ्याने हिशेब विचारू नये, असे मी तुला म्हणालो होतो.’’

‘‘म्हणून तर विचारला नाही. अकरा वर्षे.’’

‘‘बोलायला नको होते ते.’’ अण्णांना पुढे काही सुचेना. ‘‘तुझ्याकडून जाताना पैसे घेतले आणि पावतीही दिली नाही.’’

तोवर आई गप्प होत्या. आता त्या म्हणाल्या, ‘‘घर कोणाचे, हे तुम्ही दोघे ठरवता आहात. त्यात राहते मी. मला कोणी विचारले का?’’ सूनबाईंना हसू आवरेना आणि मग मुलालाही. अण्णांनी चष्मा पुसायला घेतला, तो बराच वेळ पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हॅलिफॅक्सहून धाकट्याला फोन लावला. सांगलीत तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. अण्णांनी सारे स्पष्ट सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली, मग धाकटा म्हणाला, ‘‘बँक अडली आहे ती वखारीच्या जागेपुरती. घर त्यात कोणी घातले? दादाची खोली मी अजून रंगवून घेतो दर दोन वर्षांनी.’’ ज्या भांडणाच्या भीतीने अण्णा रात्री जागवीत होते, ते भांडण त्यांच्या मनाबाहेर कुठेच नव्हते. दोन्ही मुलांना आधी विचारले असते, तर मसुद्यात तिसरे कलम आलेच नसते.

त्याच दिवशी हॅलिफॅक्सच्या बंदरावर ‘पिअर २१’ हे संग्रहालय पाहिले. १९२८ ते १९७१ या काळात सुमारे दहा लाख लोक या धक्क्यावर उतरून कॅनडात आले. त्यांच्या जुन्या पेट्या, ट्रंका तिथे जपून ठेवलेल्या आहेत. सारे आयुष्य एका पेटीत मावेल एवढेच घेऊन माणसे आली होती. एका पेटीपुढे अण्णा बराच वेळ उभे राहिले. त्यांचे आजोबा चिकोडीकडच्या एका खेड्यातून सांगलीला आले, तेव्हा त्यांच्याजवळ एक पितळी तांब्या आणि अंगावरचे कपडे होते, असे घरात सांगत. तो तांब्या अजून पेढीच्या देव्हाऱ्यात आहे. ज्या पेढीसाठी मुलाला अडवले, ती पेढीच कोणीतरी घर सोडून निघाल्यामुळे उभी राहिली होती. ‘‘आजोबा निघाले, तेव्हा त्यांचे वडील काय म्हणाले असतील, कोण जाणे,’’ ते मुलाला म्हणाले. ‘‘काही म्हणाले असले, तरी आजोबांनी आम्हाला सांगितले नाही.’’

परतीचा अठराशे किलोमीटरचा रस्ता तीन दिवसांत झाला. मुलाने आणि सूनबाईंनी आळीपाळीने गाडी चालवली. पुढच्या आसनावर आता अण्णा बसत आणि मुलाला विचारीत : इथला कर किती, घराचा हप्ता किती, म्हातारपणासाठी बाजूला काय टाकतोस. अकरा वर्षांचा हिशेब त्यांनी त्या तीन दिवसांत विचारून घेतला. मुलानेही पेढीविषयी विचारले. कमी कर्जाचे, आपल्या आवाक्यातले त्याचे आयुष्य अण्णांनी बारकाईने तपासले आणि निर्वाळा दिला, की खाते चोख आहे.

टोरांटोला पोहोचल्यावर वकिलांकडून नवा मसुदा मागवला. त्यात केवळ दुकान आणि वखारीची जागा होती. हक्कसोडपत्र सांगलीतच नोंदवायचे असल्याने मुलाने आईंच्या नावे विशेष मुखत्यारपत्र करून दिले आणि ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घेतले. परदेशात केलेले असे मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, हेही त्यानेच लिहून दिले. ज्यांची मुले परदेशी आहेत, त्या कुटुंबांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी. आणि याहून महत्त्वाची दुसरी : कागद तयार करण्याआधी घरात बोलावे. कागद नंतरही दुरुस्त होतो. पण त्यात लपवलेले कलम ज्याने वाचले, त्याच्या मनावरची नोंद पुसायला वेळ लागतो.

चातुर्मास लागण्याच्या आठ दिवस आधी अण्णा आणि आई सांगलीला परतले. वखारीचे काम सुरू झाले. भाद्रपदात दशलक्षण पर्व झाले आणि क्षमावाणीचा दिवस आला. दरवर्षी त्या दिवशी टोरांटोहून थोरल्याचा ‘उत्तम क्षमा’ असा संदेश येई आणि अण्णा त्याला तेच दोन शब्द उलट धाडीत. या वेळी पहाटेच त्यांनी स्वतः फोन लावला. टोरांटोत आदली संध्याकाळ होती.

‘‘अण्णा, आमच्याकडे अजून तो दिवस उजाडायचा आहे,’’ मुलगा म्हणाला.

‘‘असू दे,’’ अण्णा म्हणाले. ‘‘मला अगोदरच उशीर झाला आहे.’’